‘फार्माकॉग्नसी’ : एका शास्त्रसंज्ञेची फोड आणि भेलव्याची साक्ष

‘फार्माकॉग्नसी’ ही संज्ञा एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी घडविली गेली. योहान आडाम श्मिट यांच्या १८११ मधील ग्रंथात ती आढळते. १८१५ मध्ये सायडलर यांनी ती आपल्या प्रबंधाच्या शीर्षकात योजिली. तिचे ‘फार्माकॉन’ व ‘ग्नोसिस’ हे दोन्ही घटक ग्रीक आहेत. ‘औषधज्ञान’ या सरळ भाषांतरात उत्तरपद टिकते. पूर्वपद मात्र निम्मे हरवते, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

‘ग्नोसिस’ आणि संस्कृत ‘ज्ञा’ धातू यांचे इंडो-युरोपीय मूळ एकच. ‘फार्माकॉलॉजी’तील ‘लोगोस’ विवेचन सुचवितो, तर ‘ग्नोसिस’ ओळख. द्रव्य अस्सल की भेसळीचे हे पारखणे, हे या शास्त्राचे मूळ कार्य होय. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील पहिल्या अध्यायात असाच एक भेद येतो. गुराखी, मेंढपाळ व वनवासी वनस्पती नामरूपाने जाणतात. परंतु तेवढ्याने त्यांचा उपयोग कळत नाही, असे तेथे म्हटले आहे. ओळखीचे श्रेय मात्र ग्रंथकाराने वनवासींना निःसंकोच दिले आहे.

‘फार्माकॉन’ म्हणजे औषध, विष आणि जादूटोण्याचे द्रव्यही. ‘ओडिसी’च्या चौथ्या सर्गात इजिप्तच्या भूमीतील अशा हितकर व घातक द्रव्यांचा उल्लेख आहे. प्लेटोच्या ‘फीड्रस’मध्ये लेखनविद्येला हाच शब्द लावला आहे, त्याच्या द्व्यर्थतेवर देरिदांनी १९६८ मध्ये दीर्घ निबंध लिहिला. विषही युक्तीने औषध होते, हे चरकासही मान्य आहे. पण ‘औषध’ या शब्दात ते सामावत नाही.

नागपूरकर भोसल्यांच्या राजवटीपासून मराठीचा सहवास लाभलेल्या रायपूर परिसरात या तिहेरी अर्थाचे प्रत्यक्ष उदाहरण सापडते. मराठीतील बिब्बा तोच छत्तीसगढीतील भेलवा. त्याच्या रसाने कातडीवर फोड उठतात. शोधन केल्यावर तोच आयुर्वेदात औषध ठरतो. आणि हरेलीच्या सणाला त्याची फांदी पिकाच्या रक्षणार्थ शेतात रोवली जाते. ‘बिब्बा घालणे’ या मराठी वाक्प्रचारात मात्र केवळ अपायाची बाजू उरली आहे.

म्हणून आयुर्वेदाच्या अभ्यासक्रमातील ‘द्रव्यगुण’ ही संज्ञा अधिक नेमकी वाटते. ‘द्रव्य’ हे पद तटस्थ आहे. त्याचे हित-अहित प्रयोगावर सोपविलेले आहे. प्लेटोच्या भाषांतरकारानेही ‘औषध’ म्हणून मोकळे होण्यापूर्वी या पदाचा विचार करावयास हवा.