सिद्दींची कवंदी

मराठी वाचकाला ‘सिद्दी’ म्हटले की जंजिरा आठवतो. थोडे अधिक वाचलेल्याला मलिक अंबर आठवतो. हबशी गुलाम म्हणून दख्खनमध्ये आलेला आणि १६२६ मध्ये मृत्यू येईपर्यंत निजामशाहीचा खरा सूत्रधार राहिलेला. किल्ले, तोफा, तह, महसूल यांच्या बखरींत आणि बाडांत या सिद्दींना भरपूर जागा आहे. पण याच नावाचा एक समाज उत्तर कन्नड जिल्ह्यातील यल्लापूर, हल्याळ, मुंडगोड भागातल्या रानात राहतो, त्याची आपल्या इतिहासलेखनाला फारशी ओळख नाही. यांतील अनेकांचे पूर्वज पोर्तुगीजांनी पूर्व आफ्रिकेतून गोव्यात आणलेले गुलाम. तेथून निसटून त्यांनी घाट गाठला. त्यांच्या बोलीत आजही कोकणीचा अंश मोठा आहे, हा त्या पलायनाचा सर्वांत साधा पुरावा म्हणता येईल. कोणी हिंदू, कोणी मुसलमान, कोणी ख्रिस्ती अशी त्यांची धर्माने विभागणी झाली आहे.

या समाजातील स्त्रिया, विशेषतः ख्रिस्ती आणि मुसलमान, जी गोधडी शिवतात तिला कवंदी म्हणतात. (उत्तर कर्नाटकात गोधडीला कौदी म्हणतात, ते नाते उघडच आहे.) आपल्याकडची आजी गोधडी शिवते तेव्हा आधी जुन्या लुगड्यांचे थर जमिनीवर अंथरते, टाचते आणि मग धावदोरा घालत जाते. कवंदीची रीत वेगळी. खाली जुने लुगडे असते, पण वरचे ठिगळांचे अंग आधी जोडून तयार केलेले नसते. बाई एका कोपऱ्यापासून सुरुवात करते. ठिगळाची कड आत दुमडून ते थेट खालच्या कापडावर शिवते, त्याच्या काठावर चढवून दुसरे, मग तिसरे. असे कडेकडेने फिरत ती मध्याकडे सरकते. आराखडा कागदावर नसतो आणि खडूने आखलेलाही नसतो. हाताशी कोणती चिंधी आहे, यावर पुढचा रंग ठरतो. शेवटी चारही कोपऱ्यांवर कापडाच्या घड्या घालून केलेले त्रिकोणी तुकडे बसवतात. त्यांना ‘फुला’ म्हणतात. फुला नसलेली कवंदी त्यांच्या लेखी नागवी. ख्रिस्ती घरातल्या कवंदीत कधी क्रूस दिसतो, मुसलमान घरातल्या कवंदीत चंद्रकोर.

हेन्री जॉन ड्रुअल या अमेरिकन कला-इतिहासकाराने या कामाचा अभ्यास केला आणि २००४ मध्ये सिद्दी स्त्रियांची एक सहकारी संस्था उभी राहण्यास हातभार लावला. पुढे कवंद्या अमेरिकेतल्या प्रदर्शनांतही पोहोचल्या. येथे एक मोह टाळावासा वाटतो. ठिगळांचे भडक रंग आणि त्यांची लय पाहून ‘ही आफ्रिकेची स्मृती’ असे म्हणून टाकणे सोपे आहे. पण कापड इथले, धावदोरा इथला, लुगडीही इथल्याच बाजारातली. या स्त्रियांना चारशे वर्षे या मातीत काढल्यावरही ‘मूळच्या कुठल्या’ याच प्रश्नाचे उत्तर देत राहावे लागते. त्यांच्या शिवणकामालाही तोच प्रश्न विचारायचा, हे मला तरी अन्यायाचे वाटते.

दुसरी अडचण साधनांची. कवंदी ही अंथरण्या-पांघरण्याची वस्तू. घाटातला पाऊस, चुलीचा धूर, लेकराबाळांची ओल सोसत ती झिजते, आणि झिजलेली कवंदी पुन्हा नव्या कवंदीच्या पोटात जाते. म्हणून शंभर-दीडशे वर्षांपूर्वीचा नमुना दाखवा असे म्हणणाऱ्यापुढे ठेवायला हाती काही राहत नाही. बंगालच्या कांथेचे नशीब निराळे. गुरुसदय दत्तांसारखा संग्राहक तिला लाभला, स्टेला क्रॅमरिश यांनी १९३९ मध्ये तिच्यावर लिहिले, आणि काही कांथांवर तर शिवणारीचे नावही टाक्यांनी घातलेले आहे.

कवंदीवर असे नाव नसते. शेजारपाजारच्या बायका मात्र फुलांच्या घड्या पाहून ती कोणाच्या हातची हे सांगतात. आपण ज्याला शैली म्हणतो, ती याहून वेगळी काय असते? वर्गात कर्तृत्वाचा प्रश्न शिकवताना आम्ही मुद्रित पुस्तकाच्या मुखपृष्ठावरून सुरुवात करतो. पुढच्या वर्षी मी कवंदीच्या कोपऱ्यावरून करणार आहे.