शस्त्र-तिजोरीचे दार : बांधणी व सुरक्षितता

शस्त्र-तिजोरीचे दार : बंदुका, पिस्तुले व काडतुसे कुलूपबंद ठेवण्यासाठी वापरण्यात येणाऱ्या पोलादी तिजोरीचा पुढचा, उघडझाप होणारा भाग. तिजोरीचे बळ मुख्यत्वे तिच्या दारावर व ते ज्या चौकटीत बसते तिच्यावर अवलंबून असते. जुन्या तिजोरीची परीक्षा करताना बाहेरचा रंग, मूठ वा वजन यांवरून फसगत होण्याचा संभव असतो. म्हणून दाराच्या बांधणीचा इतिहास थोडक्यात पाहणे आवश्यक ठरते.

अग्निरोधक व चोररोधक हे गुण प्रारंभापासूनच वेगळे होते. लिव्हरपूल येथील टॉमस मिलनर यांनी १८४० मध्ये तापल्यावर पाणी सोडणारी लवणे भिंतींच्या पोकळीत भरण्याच्या पद्धतीचे एकस्व घेतले. वाफ होण्यात उष्णता खर्ची पडून आतील कागद वाचत. अशा पेटीचे पत्रे मात्र जाड असण्याची गरज नव्हती. याच काळात कुलपांकडेच अधिक लक्ष होते. चब यांचे १८१८ चे शोधक-कुलूप व ब्रामा यांचे १७८४ चे कुलूप अभेद्य समजले जाई. लंडनच्या १८५१ च्या महाप्रदर्शनाच्या वेळी अमेरिकन कारागीर ए. सी. हॉब्ज यांनी पहिले सु. २५ मिनिटांत उघडून दाखविले. दुसऱ्यास सोळा दिवसांत विभागून ५१ तास लागले.

परंतु चोराला कुलूप उघडावेच लागते असे नाही, हे लंडनमधील कॉर्नहिल येथील चोरीने सिद्ध केले. तेथील वॉकर नावाच्या जवाहिऱ्याच्या दुकानात मिलनर यांची तिजोरी होती. दुकानात रात्रभर दिवे जळत आणि झडपांना ठेवलेल्या भोकांतून पहाऱ्याच्या शिपायाला आतील तिजोरी दिसे. फेब्रुवारी १८६५ मधील एका शनिवार-रविवारी केसली व त्याचे साथीदार लगतच्या जागेतून आत शिरले. त्यांनी दार व चौकट यांच्या फटीत लहान पाचरी ठोकल्या, मग क्रमाने मोठ्या पाचरी व शेवटी पहार घालून चौकट फाकविली. अडसर निसटले आणि दार उघडले. कुलपाला धक्काही लागला नव्हता. सु. ६,००० पौंडांचा माल गेला. वॉकर यांनी कारखानदारावर दावा लावला, त्यात शिक्षा भोगणाऱ्या केसलीची साक्ष झाली. तथापि वॉकर हरले. माल गेला आणि भरपाईही मिळाली नाही. या खटल्याने तिजोऱ्यांच्या रचनेची जितकी चर्चा झाली तितकी कोणत्याही जाहिरातीने झाली नसेल. दाराच्या कडा चौकटीच्या खाचेत गुंतविणे, फट शक्य तितकी अरुंद करणे व बिजागरीच्या बाजूसही स्थिर पट्टी बसविणे हे उपाय त्यानंतर विशेष पुढे आले.

नायट्रोग्लिसरीन हे द्रव स्फोटक फटीत ओतता येत असल्याने घट्ट घासून बसविलेल्या दारांना महत्त्व आले. रात्री खजिनदाराला धमकावून संकेतांक मिळविण्याचे प्रकार वाढले, तेव्हा जेम्स सार्जंट यांचे कालनियंत्रित कुलूप (१८७३) बँकांनी स्वीकारले. विसाव्या शतकाच्या आरंभी ऑक्सि-ॲसिटिलीन ज्योत चोरांच्या हाती पडली, आणि साध्या पोलादाच्या जाडीवर विसंबणे संपले.

शस्त्र-तिजोरी ही या परंपरेतील उशिराची व हलकी शाखा होय. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेत ती घरोघर पसरली. तिची दारे स्थूलमानाने दोन प्रकारची असतात. पहिल्यात सलग पोलादी पाट असतो, ६ मिमी. वा त्याहून जाड पाट चांगला समजतात. दुसऱ्यात पातळ पत्रा कडांना दुमडून आत जिप्समचे तक्ते भरतात. अशा दाराची कड १० सेंमी. दिसली, तरी प्रत्यक्ष पोलाद २ ते ३ मिमी.च असू शकते. खरेदीदार बहुधा याच ठिकाणी फसतो. दार उघडून आतील आच्छादन काढल्यास खरी जाडी दिसते. आच्छादन निघत नसेल, तर मुठीच्या दांड्याच्या भोकापाशी ती मोजता येते.

अडसरांची संख्या हे बळाचे माप नव्हे. दहा जाड अडसर पातळ दुमडलेल्या पट्टीवर तोललेले असतील, तर पहारेच्या दाबाने पट्टीच वाकते. उलट चारच अडसर भक्कम चौकटीमागे शिरत असतील तर ते पुरे होतात. बिजागऱ्या बाहेर दिसणे हाही दोष नव्हे. त्या कापल्या तरी बिजागरीच्या बाजूची स्थिर पट्टी दार धरून ठेवते; ती नसेल तरच धोका. कुलपापुढे गिरमिटाला दाद न देणारी कठीण पोलादाची चकती आणि कुलूप आत ठोकले गेल्यास आपोआप सुटणारा कमानीचा जादा अडसर आहे की नाही, हेही पाहावे. अनेक जुन्या तिजोऱ्यांत हा अडसर गंजून जागीच अडकलेला आढळतो.

अंडररायटर्स लॅबोरेटरीज या अमेरिकन संस्थेचे चिन्ह असल्यास काम सोपे होते. तिच्या घरगुती वर्गाच्या मूळ कसोटीत दाराने हातहत्यारांपुढे ५ मिनिटे टिकणे पुरेसे असे. 'टीएल-१५' व 'टीएल-३०' या वरच्या वर्गांत यांत्रिक व विद्युत् हत्यारांसह अनुक्रमे १५ व ३० मिनिटे धरली जातात, आणि हत्यार दाराला लागलेले असेल तेवढाच वेळ मोजतात. केवळ आगीसंबंधीचे चिन्ह असलेली तिजोरी चोरीपुरती अपरीक्षितच मानावी. जुन्या अग्निरोधक भरावातील ओलाव्याने बंदुकीची नळी गंजते. काहींच्या भरावात ॲस्बेस्टस असल्याने दाराला भोके पाडणे आरोग्यासही घातक ठरते.

मुंबईत अर्देशीर गोदरेज यांनी १८९७ मध्ये कुलपांचा कारखाना काढला व १९०२ मध्ये तिजोरी बनविली. पुढे १९२३ पासून तेथेच पोलादी कपाटेही होऊ लागली. महाराष्ट्रात अनेक घरांत परवान्याची बंदूक अशा कपाटातच ठेवली जाई. कपाट आणि तिजोरी यांतील भेद व्यवहारात पुसट झाला असला, तरी कपाटाचा पत्रा पहारेपुढे टिकण्यासाठी केलेला नसतो. शस्त्र अधिनियम, १९५९ खालील २०१६ च्या नियमांनी शस्त्र सुरक्षित ठेवण्याची जबाबदारी परवानाधारकावर टाकली आहे.