कायदा पुस्तकात, पण ठाण्यात कोण?

२२ सप्टेंबर २००६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने प्रकाश सिंग खटल्यात पोलीस सुधारणांचे आदेश दिले. बरोबर सात दिवसांनी, २९ सप्टेंबरला, भंडारा जिल्ह्यातल्या खैरलांजीत भोतमांगे कुटुंबातल्या चौघांची हत्या झाली. या दोन तारखा आपण शेजारी-शेजारी ठेवून वाचल्या पाहिजेत.

१८५७ च्या उठावानंतर इंग्रजांनी १८६१ चा पोलीस कायदा केला. त्याचा हेतू प्रजेला न्याय देणे हा नव्हता, तिला धाकात ठेवणे हा होता. त्या यंत्रणेत जातीचा हात कसा चालतो हे बाबासाहेबांनी ओळखले होते. १९३० च्या गोलमेज परिषदेत रावबहादूर श्रीनिवासन यांच्यासह त्यांनी मांडलेल्या मागण्यांत स्पष्ट म्हटले होते, की सवर्ण अधिकारी कायदा आणि अधिकार अस्पृश्यांविरुद्ध वापरतात; सरकारी नोकऱ्यांतली त्यांची मक्तेदारी मोडल्याशिवाय हे थांबणार नाही. म्हणजे कायदा काय सांगतो याइतकाच तो कोण राबवतो हा प्रश्न महत्त्वाचा.

पुढे संविधान आले, १९५५ चा अस्पृश्यता गुन्हे कायदा आला, १९८९ चा ॲट्रॉसिटी कायदा आला. पण ११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या रमाबाई नगरात बाबासाहेबांच्या पुतळ्याच्या विटंबनेचा निषेध करणाऱ्या वस्तीवर राज्य राखीव पोलीस दलाने गोळीबार केला. दहा जीव गेले. गुंडेवार आयोगाने गोळीबार असमर्थनीय ठरवला. तरी आदेश देणाऱ्या अधिकाऱ्याला शिक्षा व्हायला २००९ साल उजाडले. खैरलांजीत कर्तव्यात कसूर केली म्हणून पोलीस निलंबित झाले. २००८ मध्ये खुन्यांना शिक्षा झाली, पण ॲट्रॉसिटीची कलमे न्यायालयात टिकली नाहीत. फिर्याद, पंचनामा, जबाब पहिल्या काही दिवसांत कसे लिहिले जातात, यावर खटल्याचे बरेच भवितव्य ठरते. ते लिहिणारा हात पोलिसाचा असतो.

आपल्यातले अनेकजण म्हणतात, पोलीस सुधारणा हा निवृत्त अधिकाऱ्यांचा विषय आहे. १९९६ ची ती याचिका एका निवृत्त पोलीस महासंचालकाचीच होती, हे खरे. निकालाचा भरही पोलिसांना राजकीय दबावातून सोडवण्यावर आहे. पण मंत्र्यापासून मोकळे झालेले ठाणे गावच्या पाटीलकीपासून मोकळे होतेच असे नाही. स्वायत्त पण जातिग्रस्त पोलीस आपल्याला नकोत. म्हणूनच हा विषय त्यांच्यावर सोडून चालणार नाही.

त्याच निकालातले पोलीस तक्रार प्राधिकरण हे आपले हत्यार होऊ शकते. महाराष्ट्राने २०१४ मध्ये पोलीस कायद्यात बदल करून ते स्वीकारले आहे. ॲट्रॉसिटी कायद्याच्या कलम ४ नुसार कर्तव्यात हेतुपुरस्सर कसूर करणाऱ्या लोकसेवकाला शिक्षा होऊ शकते. गुन्हा नोंदवणे, फिर्याद वाचून दाखवणे, तिची प्रत मोफत देणे ही कर्तव्ये २०१५ च्या दुरुस्तीने त्यात नावानिशी घातली आहेत. आपण मोर्चे काढतो, आरोपींना अटक करा म्हणतो. किती वेळा कलम ४ ची मागणी करतो?

कायद्याचे राज्य दिल्लीच्या निकालात सुरू होत नाही. ते ठाण्याच्या उंबऱ्यावर सुरू होते, किंवा तिथेच अडते. यापुढे ठाण्यात जाताना एकटे जाऊ नका, आणि कलम ४ पाठ करून जा.

जय भीम! जय संविधान!