फ्रान्स-जर्मनी मैत्रीसंस्था : कराराआधीची अठरा वर्षे

फ्रान्स आणि जर्मनी ही दोन शेजारी राष्ट्रे १८७० ते १९४५ या पाऊणशे वर्षांत तीन वेळा एकमेकांशी लढली. त्यांच्यातील सलोख्याचे श्रेय सामान्यतः २२ जानेवारी १९६३ रोजी झालेल्या एलिझे कराराला दिले जाते. तथापि या कराराच्या अठरा वर्षे आधीपासून काही संस्था हे कार्य करीत होत्या, आणि त्यांतील दोन महत्त्वाच्या संस्था ख्रिस्ती श्रद्धेच्या प्रेरणेतून उभ्या राहिल्या होत्या.

मैत्रीसंस्थांची कल्पना तेव्हा नवी नव्हती. लक्झेंबर्गचे पोलाद उद्योगपती एमिल मायरिश यांनी १९२६ साली फ्रेंच व जर्मन उद्योजक, बँकर आणि विचारवंत यांची एक समिती स्थापन केली होती. पॅरिस व बर्लिन येथे तिची कार्यालये होती. १९२८ साली मायरिश मोटार अपघातात मरण पावले आणि हिटलरच्या उदयानंतर समिती निष्प्रभ झाली. त्यानंतरचा अनुभव अधिक कटू आहे. १९३५ साली पॅरिसमध्ये 'फ्रान्स-जर्मनी समिती' स्थापन झाली. मेजवान्या, व्याख्याने, माजी सैनिकांच्या भेटी असे सारे काही तेथे होते. मात्र जर्मनीच्या बाजूने सूत्रे हलविणारे ओटो आबेत्झ हे नाझी राजवटीचे हस्तक होते. पुढे हेच आबेत्झ व्याप्त पॅरिसमध्ये हिटलरचे राजदूत म्हणून वावरले. मैत्रीच्या नावाने चालणारी प्रत्येक संस्था मैत्रीसाठीच असते असे नाही, हे फ्रेंच जनतेला फार महागात पडून कळले.

म्हणूनच १९४५ साली जर्मनांशी संवादाचा विषय काढणे हे धाडस होते. फ्रान्समधील मोंतोबां धर्मप्रांताचे बिशप पिएर-मारी तेआस यांनी १९४२ साली ज्यूंच्या छळाचा जाहीर निषेध केला होता. १९४४ साली गेस्टापोने त्यांना अटक करून काँपिएन्यच्या छावणीत डांबले. ज्यांनी आपल्याला कैद केले त्यांच्याच राष्ट्रासाठी प्रार्थना करण्याची शिक्षिका मार्थ दोर्तेल-क्लोदो यांची कल्पना याच बिशपांनी उचलून धरली. तीतून 'पाक्स क्रिस्ती' ही चळवळ जन्मास आली. १९४८ साली तिची जर्मन शाखाही स्थापन झाली.

त्याच वर्षी, म्हणजे १९४५ साली, येशूसंघीय धर्मगुरू फादर झां द्यू रिवो यांनी ओफेनबुर्ग येथे आणखी एक संस्था उभारली. ते तेथील फ्रेंच सैन्याचे धर्मगुरू होते. एकाच कार्यासाठी त्यांनी फ्रेंच व जर्मन अशा दोन भाषांतून दोन नियतकालिके काढली, कारण शेजाऱ्याविषयीची खरी माहिती दोन्हीकडे कोणालाच नव्हती. प्रार्थनेसोबत माहितीचाही आग्रह धरणारे हे येशूसंघीय आम्हा संपादकांना विशेष जवळचे वाटतात!

१९४८ साली ख्रिस्ती विचारवंत एमान्युएल मुनिए यांच्या पुढाकाराने नव्या जर्मनीशी विचारविनिमय करणारी समिती पॅरिसमध्ये निघाली. तिचे सरचिटणीस आल्फ्रेड ग्रोसेर हे फ्रँकफुर्टमध्ये जन्मलेले ज्यू होते. बालपणी १९३३ साली त्यांच्या कुटुंबाला जर्मनी सोडावी लागली होती. त्याच वर्षी लुडविग्सबुर्ग येथे जर्मन-फ्रेंच संस्थेची स्थापना झाली. १९५० साली या शहराचे फ्रान्समधील माँबेलियारशी जुळलेले नाते हे दोन देशांतील भगिनी-शहरांचे पहिले नाते होय.

राजकारण व व्यापार या पायावर उभे राहिले. ९ मे १९५० रोजी फ्रान्सचे परराष्ट्रमंत्री रोबेर शूमान यांनी दोन्ही देशांचा कोळसा व पोलाद एका सामाईक यंत्रणेखाली आणण्याची घोषणा केली. ज्या मालातून तोफा ओतल्या जात, तोच एकत्र ठेवला गेला. (श्रद्धावान कॅथलिक असलेल्या शूमान यांना २०२१ साली 'वंदनीय' हा दर्जा मिळाला.) १९५५ साली पॅरिसमध्ये फ्रेंच-जर्मन वाणिज्य मंडळ सुरू झाले. भागीदार शोधून देणे, कायदा व करांविषयी सल्ला देणे अशी रोजची कामे अशी मंडळे करतात. मुंबईतील इंडो-जर्मन चेंबर ऑफ कॉमर्स १९५६ सालचे. तेही याच मालिकेतले.

८ जुलै १९६२ रोजी राष्ट्राध्यक्ष द गॉल व चॅन्सेलर आडेनॉअर यांनी रँसच्या कॅथेड्रलमध्ये एकत्र मिस्सा ऐकली. पहिल्या महायुद्धात जर्मन तोफांनी उद्ध्वस्त केलेले हेच ते मंदिर. पुढच्याच वर्षी एलिझे करार झाला आणि त्यातून दोन्ही देशांचे संयुक्त युवक कार्यालय निघाले. त्याच्या उपक्रमांत आजवर लाखो तरुण सहभागी झाले आहेत. २०१९ साली आखेन येथे नवा करार झाला. त्याच वर्षी प्रत्येक देशाच्या ५० अशा १०० खासदारांची संयुक्त संसदीय सभा अस्तित्वात आली. तिची बैठक वर्षातून किमान दोन वेळा भरते.