निकाल पुन्हा उघडताना

चाकण, म्हाळुंगे, खराबवाडी, निघोजे या गावांत शेतांच्या जागी कारखाने उभे राहिले, त्याचा माग घराघरांतल्या कागदांच्या पिशवीत सापडतो. सातबारा, फेरफार, संपादनाच्या नोटिसा, आणि एखाद्या घरी राजगुरुनगरच्या किंवा पुण्याच्या कोर्टातल्या निकालाची शिक्क्याची नक्कल. निकाल विरोधात गेला की घरात पहिला प्रश्न निघतो, "रिव्ह्यू टाकता येईल का?" प्रश्न चार शब्दांचा आहे, पण त्याच्या उत्तरासाठी कायद्यात एक वेगळी वाट आखलेली आहे. तिचे नाव पुनर्विलोकन.

वाचकांनी आरंभी एवढे वेगळे करून घ्यावे. अपील वरच्या न्यायालयाकडे जाते. पुनर्विलोकनात निकाल देणाऱ्यालाच तो पुन्हा पाहायची विनंती असते. दिवाणी प्रक्रिया संहितेचे कलम ११४ आणि आदेश ४७ यांनी त्यासाठी तीनच दारे ठेवली आहेत: काळजी घेऊनही आधी हाती न लागलेला महत्त्वाचा पुरावा, नोंदींवरून उघड दिसणारी चूक, किंवा याच जातीचे पुरेसे कारण. सर्वोच्च न्यायालयाला हा अधिकार संविधानाच्या अनुच्छेद १३७ने मिळतो, तर महसुली आदेशांसाठी महाराष्ट्र जमीन महसूल संहितेचे कलम २५८ आहे. उघड चूक म्हणजे लांबलचक युक्तिवाद न करता दिसणारी चूक. निकाल आपल्याला पटला नाही, एवढ्याने यातले एकही दार उघडत नाही.

हा फरक समजायला आपल्या जिल्ह्यात सुरू झालेली एक कथा फार उपयोगी पडते. २०१३चा भूसंपादन कायदा १ जानेवारी २०१४ला लागू झाला. जुन्या कायद्याखालचा निवाडा पाच वर्षांपूर्वीचा असेल आणि ताबा घेतला नसेल किंवा मोबदला दिला नसेल, तर संपादन रद्द होईल असे त्याचे कलम २४(२) सांगत होते. त्याच महिन्यात, पुणे महानगरपालिका विरुद्ध हरकचंद सोलंकी या खटल्यात, तीन न्यायमूर्तींनी ठरवले की रक्कम सरकारी तिजोरीत भरणे म्हणजे शेतकऱ्याला मोबदला देणे नव्हे. या निकालाच्या आधाराने देशभर अनेक संपादने रद्द झाली. पुढे ६ मार्च २०२०ला, इंदूर विकास प्राधिकरणाच्या खटल्यात, पाच न्यायमूर्तींनी पुण्याचा निकाल मोडीत काढला: ताबा आणि मोबदला दोन्ही राहिले असतील तरच संपादन रद्द. (एमआयडीसीची जमीन १९६१च्या वेगळ्या अधिनियमाखाली घेतली जाते. चाकणच्या वाचकाने हे कलम थेट स्वतःच्या सातबाऱ्याला लावू नये.)

आता खरा पेच पाहा. मधल्या सहा वर्षांत ज्यांनी पुण्याच्या निकालावर खटले जिंकले, त्यांचे काय? दिल्लीतल्या सरकारी यंत्रणांनी असे जुने निकाल पुन्हा उघडावेत म्हणून अर्ज केले. २०२३मध्ये दोन न्यायमूर्तींची मते जुळली नाहीत. मे २०२४मध्ये के. एल. राठी स्टील्स प्रकरणात तीन न्यायमूर्तींनी नकार दिला: आधारभूत निकाल नंतर मोडला गेला, हे पुनर्विलोकनाचे कारण होत नाही. संहितेत १९७६च्या दुरुस्तीने घातलेले स्पष्टीकरण हेच सांगते. मला हा नकार न्याय्य वाटतो. आज जिंकलेल्या माणसाला उद्याच्या दुसऱ्याच कुणाच्या खटल्याची भीती बाळगावी लागली, तर निकालाची नक्कल जपून ठेवण्यात काय अर्थ?

न्यायालयाने शब्द मागे घेतल्याचे मोठे उदाहरणही महाराष्ट्राचेच आहे. माजी मुख्यमंत्री अ. र. अंतुले यांचा खटला १९८४मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विशेष न्यायाधीशांकडून काढून उच्च न्यायालयाकडे दिला होता. १९८८मध्ये सात न्यायमूर्तींच्या पीठाने बहुमताने तो आदेश मागे घेतला, कारण तो कायद्याशी विसंगत होता आणि न्यायालयाच्या चुकीचा भुर्दंड पक्षकाराने सोसू नये.

तुम्ही या वाटेला नवे असाल, तर आधी आदेश ४७चा पहिला नियम त्याच्या स्पष्टीकरणासह वाचा, मग पुणे, इंदूर आणि राठी हे निकाल याच क्रमाने. अंतुले शेवटी ठेवा, आणि त्यात न्या. वेंकटचलय्या यांचे विरोधी मत बहुमताच्या आधी वाचा.