शेख, द

शेख, द : (७ जून १९२६–१८ जानेवारी २००३). अमेरिकन व्यावसायिक कुस्तीतील खलनायक मल्ल आणि डेट्रॉइट परिसरातील कुस्ती-व्यवसायाचा मालक. मूळ नाव एडवर्ड फरहात. मिशिगन राज्यातील लॅन्सिंग येथे, सीरिया-लेबनॉन भागातून आलेल्या ख्रिस्ती कुटुंबात जन्म. जन्मवर्ष काही ठिकाणी १९२४ असेही आढळते. दुसऱ्या महायुद्धात लष्करी सेवा.

सोंग : सीरियाचा धनाढ्य, माथेफिरू शेख ही भूमिका त्याने अनेक दशके वठवली. डोक्याला रुमाल, पायांत टोके वर वळलेले बूट, लढतीआधी रिंगमध्ये गालिचा अंथरून प्रार्थना. पत्नी जॉइस ‘प्रिन्सेस सलीमा’ बनून धूप जाळत सोबत येई. लोकांसमोर तो इंग्रजी बोलत नसे. बोलण्याचे काम अब्दुल्ला फारूक (अर्नी रॉथ) व पुढे एडी क्रीचमन या व्यवस्थापकांचे. डाव मोजकेच. पालथ्या पडलेल्या मल्लाच्या पाठीवर बसून हनुवटी मागे खेचणारी ‘कॅमल क्लच’ ही त्यांतली मुख्य पकड. लपवलेल्या पेन्सिलीने कपाळ फोडणे आणि तोंडावर आगीचा गोळा फेकणे यांसाठी तो कुप्रसिद्ध होता. जादूगार वापरतात तसा क्षणात भडकणारा कागद मुठीत दडवलेला असे. रक्त काढण्यासाठी वारंवार मारलेल्या ब्लेडचे व्रण त्याच्या स्वतःच्या कपाळावर कायमचे उमटले होते. अरबांविषयीच्या अमेरिकी पूर्वग्रहावर हे सोंग पोसले गेले, हे नोंदवणे आवश्यक आहे.

व्यवसाय : १९६४ च्या सुमारास त्याने डेट्रॉइटचा व्यवसाय विकत घेतला. ‘बिग टाइम रेसलिंग’ या नावाने कोबो अरीनात लढती होत. त्याची खरी कामगिरी इथे आहे. खलनायक मार खाईल या आशेने प्रेक्षक तिकीट काढी. शेख पळून जाई किंवा अपात्र ठरे, आणि निकाल पुढच्या खेळावर ढकलला जाई. बेंटन हार्बरचा कृष्णवर्णीय मल्ल बोबो ब्राझील याच्याशी त्याचे वैर याच रीतीने वर्षानुवर्षे चालले. टोरांटोच्या मेपल लीफ गार्डन्समध्ये प्रवर्तक फ्रँक टनी याने त्याला १९६९ पासून सातत्याने मुख्य लढतीत उतरवले. तिथे तो शंभराहून अधिक लढतींत अजिंक्य राहिला असे म्हणतात. बरोबरीच्या लढती कशा धरायच्या यावर हा आकडा अवलंबून आहे. १९७४ मध्ये मल्ल आंद्रे द जायंटने ही अजिंक्य मालिका खंडित केली.

व्यावसायिक कुस्तीत निकाल आधीच ठरवलेले असतात. मालक आणि खलनायक एकच असल्याने त्याला हरवण्याचा निर्णयही त्याच्याच हाती होता, आणि तो त्याने फार लांबवला. त्याच त्या शेवटांना लोक कंटाळले. वाहन-उद्योगाच्या मंदीने डेट्रॉइटकरांचा खिसाही आटला. १९८० मध्ये व्यवसाय बंद पडला.

जपान : व्यवसाय बंद पडल्यावरही तो लढत राहिला. १९९२ मध्ये जपानमध्ये पेटत्या रिंगमधील लढतीत तो गंभीर भाजला.

शिष्य : भाचा साबू, रॉब व्हॅन डॅम. या दोघांनीच २००७ मध्ये डब्ल्यूडब्ल्यूई या कुस्ती-कंपनीच्या हॉल ऑफ फेममध्ये त्याचा मरणोत्तर समावेश जाहीर केला.