चाकातल्या हवेचे दार

सायकलीत हवा भरताना आपण पंपाकडे बघतो, चाकाकडे बघतो. पण या दोहोंच्या मध्ये बोटाच्या दोन पेरांएवढी जी पितळी नळी उभी असते, तिच्याकडे सहसा कुणी बघत नाही. इंग्रजीतून आलेले तिचे नाव व्हॉल्व्ह. तिच्या आत जो रबरी नळीचा तुकडा चढवलेला असतो त्याला आपले सायकल दुकानदार वालट्यूब म्हणतात. आज या दाराचीच हकीगत सांगायची आहे.

माझी नि त्याची ओळख दहावीच्या परीक्षेच्या सकाळी झाली. केंद्र सात किलोमीटरवर, आणि मागचे चाक बसलेले. दुकानदाराने ट्यूब काढून पाण्याच्या घमेल्यात दोनदा फिरवली. बुडबुडा म्हणून नाही! पुन्हा बसवली, हवा भरली, आणि पुन्हा हवा गेली. मग तिथे बसलेल्या एका म्हाताऱ्या गृहस्थांनी बोटाला थुंकी लावून व्हॉल्व्हच्या तोंडावर ठेवली. थुंकीचा फुगा फुगला. वालट्यूब चिरली होती. पेपराला मी वीस मिनिटे उशिरा पोचलो. परंतु चाकात भोक शोधण्याआधी दार तपासावे, एवढे तेव्हापासून लक्षात राहिले.

हवेचे चाक प्रथम सुचले ते रॉबर्ट विल्यम टॉमसन या स्कॉटिश इंजिनियराला. 1845 साली त्याने त्याचे पेटंट घेतले आणि 1847 मध्ये लंडनच्या रीजंट्स पार्कमध्ये घोडागाडीला अशी चाके लावून दाखवली. गाडी हलकी चालली, आवाजही कमी झाला. पण त्या वेळी रबर महाग, आणि आजच्यासारखी सायकल जन्मालाच यायची होती. लोक विसरले. टॉमसनने पुढे भरीव रबराच्या चाकांवर चालणारी वाफेची गाडी केली. तसल्या गाड्या 1870 नंतरच्या काही वर्षांत क्रॉम्प्टन नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने आपल्याकडे पंजाबच्या रस्त्यांवर चालवूनही पाहिल्या. 1873 मध्ये टॉमसन वारला.

त्यानंतर चौदा वर्षांनी, 1887 मध्ये, बेलफास्ट शहरातल्या जॉन बॉइड डनलॉप या गुरांच्या डॉक्टरने आपल्या मुलाच्या तीनचाकीसाठी तोच शोध पुन्हा लावला. त्याला टॉमसनची वार्ताही नव्हती. रबरी नळी, वर कापड, आत फुटबॉलच्या पंपाने भरलेली हवा, आणि नळीचे तोंड बांधून टाकलेले. आता पाहा, इथेच अडचण होती. बांधलेले तोंड पुन्हा पुन्हा सोडून हवा कशी भरायची? शिवाय टायर धावेला पक्का चिकटवलेला; पंक्चर काढणे म्हणजे कित्येक तासांचे काम. 1888 मध्ये डनलॉपला पेटंट मिळाले, 1889 च्या मे महिन्यात बेलफास्टच्या शर्यतीत हवेच्या टायरवाल्या स्वाराने बाकीच्यांना मागे टाकले, कंपनी उभी राहिली. आणि 1890 मध्ये टॉमसनचे ते जुने पेटंट उजेडात आले. डनलॉपचे पेटंट रद्द ठरले!

मूळ कल्पनेवरचा हक्क गेला. उरली ती लोकांच्या उपयोगाची बारीक कामे. कडेला तार घालून टायर काढघाल करता येईल अशी वेल्चची युक्ती त्यातलीच. आणि दुसरी, 1891 सालची, वुड्स नावाच्या गृहस्थाची: हाच आपला व्हॉल्व्ह. आतल्या बारीक नळीच्या बाजूला एक छिद्र, त्यावर घट्ट बसणारी रबरी पिशवीसारखी वालट्यूब. पंपाची हवा आतून रबराला ढकलते, छिद्र उघडते. पंप थांबला की चाकातली हवाच रबराला छिद्रावर दाबून धरते. कोंडलेला कैदीच दार लावून घेतो म्हणा ना! ना स्प्रिंग, ना खास पाना. शोध वुड्सचा, पण जगभर नाव पडले डनलॉप व्हॉल्व्ह. मला विचाराल तर टॉमसनच्या वाट्याला जे आले तेच थोडे याच्याही आले.

या सुखाची एक काळी बाजूही आहे. टायरमुळे रबराची मागणी वाढली, तेव्हा बेल्जियमच्या लिओपोल्ड राजाच्या खाजगी ताब्यातल्या काँगोत लोकांना चाबकाखाली जंगलातला चीक गोळा करायला लावत. केसमेंट या ब्रिटिश वाणिज्यदूताचा अहवाल 1904 मध्ये प्रसिद्ध झाला, आणि 1908 मध्ये राजाचा तो ताबा संपला.

वुड्सच्या व्हॉल्व्हचा एक दोष मात्र मोठा. हवा आत जाते, पण आत किती आहे हे बाहेरून मोजता येत नाही, कारण मोजायला दार किंचित उघडावे लागते. ही सोय न्यूयॉर्कच्या श्रेडर घराण्याने केली. ऑगस्ट श्रेडर हा जर्मनीतून आलेला कारागीर. पाणबुड्यांची उपकरणे बनवी. तेव्हा हवा कोंडणे हे या घराचे जुनेच काम. त्याच्या मुलाला, जॉर्जला, 1893 मध्ये व्हॉल्व्हचे पेटंट मिळाले. यात मधोमध एक काडी आणि स्प्रिंग. काडी दाबली की हवा सुटते, सोडली की बंद. मोटार, ट्रॅक्टर, मोटारसायकल यांच्या चाकात आज हाच असतो. म्हणूनच हवेचा काटा त्यावर टेकवता येतो.

तुमच्यापैकी पुष्कळांच्या दारात उसाची टायरगाडी असेल; तिला डनलॉप गाडी म्हणतात हेही तुम्हाला ठाऊक आहे. तिची हवा कमी असली की टायर जमिनीला जास्त चिकटतो, आणि तो जादा ओढ बैलांच्या मानेवर येतो. जनावर बोलत नाही, म्हणून गाडी भरण्यापूर्वी काटा लावून बघा. टोपण हरवले असेल तर नवे बसवा. धूळ आत गेली की काडीखालचे बूड नीट बसत नाही. आतली काडी ढिली झाली असेल तर ती छोट्या चावीने आवळता येते, सबंध ट्यूब बदलण्याची गरज नसते.

सायकलवाल्यांनी वालट्यूब बोटाने ताणून पाहावी. चिकट झाली, भेगा दिसल्या, की बदलावी. नवी चढवताना पाणी लावावे, तेल कधीही नाही. तेलाने रबर फुगते आणि सैल पडते. ती छिद्राच्या खालपर्यंत आली पाहिजे. आणि व्हॉल्व्ह धावेवर तिरका उभा दिसला तर समजा की कमी हवेवर सायकल चालली, ब्रेक दाबताना टायर सरकला आणि ट्यूब बुडाशी ओढली जाते आहे. हवा सोडा, टायर मागे सरकवून नळी सरळ करा, मगच पंप लावा. तिथे, बुडाशी, ट्यूब फाटली तर तिला ठिगळ बसत नाही.